सज्जतेचे अनुदान आणि डोंगराखालची माणसे

'आपत्कालीन सज्जता' हा शब्दप्रयोग सरकारी परिपत्रकांतून आता इतक्या सरावाने वापरला जातो की त्याचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांच्या कानांना मात्र त्यातला 'आपत्काल' खटकल्याशिवाय राहत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री या देशाच्या शासनयंत्रणेने आपली सज्जता एकदा सिद्ध करून दाखवली होती. कोणाच्या दारावर थाप मारायची याच्या याद्या तयार होत्या, गाड्या तयार होत्या, कोठड्याही तयार होत्या. जयप्रकाशांसारख्या वृद्ध आणि आजारी नेत्यालाही त्या रात्री झोपेतून उठवून नेण्यात यंत्रणा चुकली नाही. त्या रात्रीपासून एक गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक आहे. शासनाने मनावर घेतले तर अंधाऱ्या रात्रीही ते हव्या त्या माणसाच्या दारापर्यंत अचूक पोचू शकते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या माचीवरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा यादीचा प्रश्न पुन्हा निघाला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. सुमारे सव्वादोनशे वस्तीच्या या ठाकर वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. चिखलाची चढण चढून जाण्यावाचून मदतकार्याला दुसरी वाट नव्हती. सांताक्रूझला हेलिकॉप्टरे सज्ज ठेवली होती, पण खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. माती उपसणारी अवजड यंत्रे वर चढवणे शक्यच नव्हते. शेवटी कुदळ, फावडे आणि माणसांचे हात एवढ्यावरच शोधकार्य चालले. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. नाव यादीत नसले की माणूस मदतीलाही मुकतो आणि मोजदादीलाही मुकतो, हा अनुभव श्रमिकांना नवा नाही.

ज्या डोंगररांगेत इर्शाळगड उभा आहे, त्याच रांगेच्या पश्चिमेकडील पायथ्याशी पनवेल तालुक्यातील नेरे वसले आहे. माथेरान आणि प्रबळगड यांच्या उतारांवरून उतरणारे पाणी गाढी नदीत येते आणि ती नदी या परिसरातून वाहत पनवेल शहरात शिरते. डोंगराच्या कुशीत आदिवासी वाड्या आहेत. प्रबळगडाच्या माचीवर तर इर्शाळवाडीसारखीच, पाठीशी कडा आणि पुढे दरी असलेली वस्ती आहे. पनवेलला पाणी पुरवणारे देहरंग धरण याच खोऱ्यात आहे. पावसाळ्यात तेथे मौजेसाठी येणारी शहरी तरुण मुले पाण्यात बुडाल्याच्या बातम्या ठरावीक वेळापत्रकाने याव्यात तशा येत असतात. नेरे येथेच कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर टाकले त्यांना तेथे घर आणि काम मिळाले. दुसऱ्या बाजूने शहर चालून येत आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी आखलेल्या 'नैना' योजनेचे आराखडे या शेतजमिनींवर पसरले आहेत. डोंगर, नदी, धरण, वाडी, आश्रम आणि नवी वसाहत अशी सगळी एकमेकांना लागून असलेली ही भूमी आहे. सज्जतेच्या सरकारी भाषेचा खरेपणा तपासायचा असेल, तर मंत्रालयातील नियंत्रण कक्षापेक्षा नेऱ्यासारखे गाव हीच त्याची योग्य कसोटी होय.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. आपत्तीसाठी पैसाच नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची मिळून १,६०,१५३ कोटी रुपयांची तरतूद सुचवली. त्यात केंद्राचा वाटा १,२२,६०१ कोटींचा आणि राज्यांचा ३७,५५२ कोटींचा होता. राज्यांमध्ये सर्वांत मोठा हिस्सा महाराष्ट्राच्या वाट्याला आला. आयोगाने या निधीची विभागणीही आखून दिली. शंभरातले चाळीस रुपये तातडीच्या मदतीसाठी, तीस पुनर्बांधणीसाठी, वीस आपत्तीची तीव्रता आधीच कमी करण्यासाठी आणि दहा सज्जता व क्षमतावृद्धीसाठी. याचा अर्थ प्रशिक्षण, साधने, सराव, इशारा देण्याची व्यवस्था या सर्वांसाठी देशभरात पाच वर्षांत सुमारे १६ हजार कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. माणूस मेल्यावर द्यायच्या रकमेच्या तुलनेत तो मरू नये यासाठीची रक्कम अजूनही लहान आहे. तरीही ती स्वतंत्रपणे मोजली गेली, ही प्रगती मान्य केली पाहिजे.

प्रश्न पुढचा आहे. हा पैसा दिल्लीहून मुंबईला येतो, मुंबईहून अलिबागला येतो. अलिबागहून नेऱ्याच्या वरच्या वाडीपर्यंत त्याला वाट आहे काय? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशी तीन पातळ्यांवरची प्राधिकरणे निर्माण केली. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करावा असे बंधन घातले. ४८ व्या कलमात राज्याप्रमाणे जिल्ह्यालाही प्रतिसाद निधी आणि निवारण निधी असावा असे म्हटले. स्थानिक संस्थांवर मात्र कर्तव्ये तेवढी सोपवली. आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवा, साधने वापरण्याजोगी ठेवा, असे कायदा ग्रामपंचायतीला सांगतो. ते कशातून करायचे हे सांगत नाही. याच वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. उरलेल्या चाळीस टक्क्यांत गटारे, दिवे, वाटा आणि शाळेची डागडुजी हे सारे बसवायचे होते. त्यातून दोरखंड, विजेऱ्या, भोंगा आणि पर्जन्यमापक घ्यायला सरपंचाने पैसे उरवायचे कोठून? जबाबदारी खाली उतरते आणि अधिकार व पैसा वरच राहतो, ही आपल्या कारभाराची जुनी रीत येथेही चालू आहे.

प्रशिक्षणाच्या योजना नाहीत असेही नाही. केंद्र सरकारच्या 'आपदा मित्र' योजनेचा प्रारंभ २०१६ मध्ये तीस पूरप्रवण जिल्ह्यांतून झाला. २०२१ मध्ये ती ३५० जिल्ह्यांत नेण्यात आली आणि एक लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी ३६९.४१ कोटी रुपये ठरवण्यात आले. म्हणजे स्वयंसेवकामागे सुमारे ३७ हजार रुपये. बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि साधनांची पिशवी असे तिचे स्वरूप आहे. पुढे २०२५ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, स्काउट आदी संघटनांतील २ लाख ३७ हजार युवकांसाठी ४७०.५० कोटींची 'युवा आपदा मित्र' योजना आली. कल्पना चांगली आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. आपत्तीच्या पहिल्या काही तासांत जीव वाचवतो तो शेजारी, सैनिक नंतर येतो, हे तत्त्व शासनाने निदान कागदावर तरी स्वीकारले आहे.

या तत्त्वाला पुरावे महाराष्ट्रानेच पुरवले आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती बातमी जगाला सांगितली ती एका एस.टी. चालकाने. नेहमीच्या वळणावर गाव दिसले नाही म्हणून त्याने खबर दिली. उपग्रह, नियंत्रण कक्ष आणि दूरध्वनी यांच्या आधी एका कामगाराची रोजची नजर कामी आली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले. त्या दिवशी महाडच पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते, आणि बाहेरची मदत पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याआधी २५ आणि २६ जुलै २००५ रोजी याच तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांत दरडी कोसळून दोनशेच्या जवळपास माणसे दगावली होती. तेव्हाही शेजारच्या गावांनीच प्रथम हात घातला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांचे शौर्य आणि कौशल्य वादातीत आहे. पण त्यांची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघते आणि घाट उतरून कोकणात येते. मातीखालचा श्वास तेवढा वेळ थांबत नाही.

म्हणून प्रशिक्षण कोणाला मिळते हा प्रश्न निर्णायक ठरतो. पनवेल, कर्जत, खालापूर भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय पाय निघत नाही. सरकारी अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपते. खर्चाची घाई जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते, शिबिरे त्याच सुमारास भरतात, हजेरीपट त्याच सुमारास भरले जातात. म्हणजे ज्याच्या झोपडीवर जुलैत दरड यायची तो फेब्रुवारीत भट्टीवर विटा थापत असतो, आणि त्याच्या नावाने आलेले प्रशिक्षण तालुक्याच्या गावातले दुसरेच कोणी घेऊन जाते. जो गावात राहिला त्यालाही बारा दिवसांची रोजी बुडवणे परवडत नाही. शासनाच्या कागदावर 'स्वयंसेवक' हा शब्द मोठा उदात्त दिसतो. घरात दुसऱ्या दिवसाचे धान्य नाही अशा माणसाने फुकट सेवा करावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे गरिबाच्या माथी मारलेला आणखी एक कर होय.

अनुदानाच्या अटींमध्येही एक दोष दडलेला असतो. खर्चाची तपासणी करणाऱ्याला पावती हवी असते. नौका घेतली, पावती मिळते. दिव्याचा मनोरा घेतला, पावती मिळते. वाडीतल्या बायकांनी पाऊस किती झाला की मुलांना उचलून समाजमंदिरात जायचे हे आपसांत ठरवले, त्याची पावती मिळत नाही. साहजिकच पैसा वस्तूंकडे वाहतो, वस्तूंमागे पुरवठादार येतो आणि पुरवठादारामागे त्याचे हितसंबंध येतात. नंतर त्या वस्तू कोठारात पडून राहतात, कारण त्या चालवायला शिकलेला माणूस बदलून दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. सज्जता ही माणसांची असते आणि साधने तिची नोकर असतात, हा क्रम उलटला की निविदा तेवढ्या यशस्वी होतात.

आता 'सुरक्षे'च्या बाजूकडे वळू. गृहखात्याच्या छत्राखाली नागरी संरक्षण, होमगार्ड, सागर रक्षक दल अशा अनेक रचना आहेत. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा. त्यामागे १९६२ आणि १९६५ च्या युद्धांचा अनुभव होता. २००९ च्या दुरुस्तीने आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश या कायद्यात झाला. तरीही नकाशा जुनाच राहिला. पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव योजले गेले. महाराष्ट्रातील त्या सोळा ठिकाणांत रायगड जिल्ह्यातून उरण, थळ-वायशेत, रोहा-धाटाव-नागोठणे ही नावे होती. बंदर, तेल, वायू, खत आणि रसायने यांचे कारखाने जेथे, तेथे भोंगा वाजला. कारखान्यांचे रक्षण करू नये असे आमचे म्हणणे नाही. तेथे हजारो कामगार आहेत. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या वायू प्रकल्पातील आगीत चौघांचा बळी गेला, हे विसरता येणार नाही. पण रायगडात अलीकडे माणसे मोठ्या संख्येने मेली ती डोंगराखाली, आणि त्या डोंगराखाली भोंगा वाजत नाही. यंत्र आणि साठा यांना राष्ट्रीय संपत्ती मानायचे आणि ठाकराच्या झोपडीला मानायचे नाही, हा मूल्यविवेक नकाशातच कोरला गेला आहे.

दहशतवादाच्या संकटाला आम्ही क्षुल्लक मानतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांसाठीचे आरडीएक्स याच रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरले होते. तेथे साधनांचा तुटवडा आडवा आला नव्हता. पहारा देणारेच विकले गेले होते, आणि सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसांना न्यायालयाने त्यासाठी शिक्षा दिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांनी जिवंत अतिरेकी पकडून दिला तेव्हा त्यांच्या हाती लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळीच हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. या दोन घटना एकत्र वाचल्या की धडा स्पष्ट होतो. भ्रष्ट यंत्रणेला कितीही अनुदान द्या, ते गळून जाईल. प्रामाणिक शिपायाला साधा बचावाचा अंगरखाही वेळेवर मिळणार नाही. सुरक्षेच्या नावाने होणाऱ्या खर्चावर प्रश्न विचारणे हा देशद्रोह ठरवणारे लोक नेमक्या याच गळतीला आडोसा देत असतात.

जे हात प्रत्यक्ष राबतात त्यांची स्थिती पाहा. होमगार्ड संघटना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात जन्मली आणि तेथून देशभर गेली. बंदोबस्त असो, पूर असो की निवडणूक असो, या माणसांना बोलावले जाते आणि काम संपले की घरी पाठवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये होमगार्डांचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाशी जोडावा असा निर्णय दिला. महाराष्ट्रात त्यांचा दैनिक भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपयांवर गेला तो २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. न्यायालयाच्या शब्दाला नऊ वर्षे लागली आणि मतपेटीच्या भीतीला काही आठवडे पुरले. सागर रक्षक दलातील कोळी बांधव किनाऱ्यावर डोळे ठेवतात. परके जहाज दिसले की प्रथम कळते ते त्यांनाच. देशाच्या सीमेचा भार ज्यांच्या नजरेवर टाकला आहे, त्यांच्या चुलीचा भार उचलण्याची तयारी मात्र कोणत्याही अनुदानात दिसत नाही.

उलट राज्याला 'जनसुरक्षा' हा शब्द आठवला तो निराळ्याच कारणासाठी. विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले. संघटनांना बेकायदा ठरवण्याचे व्यापक अधिकार त्यातून सरकारच्या हाती जातात. इर्शाळवाडीला बरोबर दोन वर्षे होत असताना हे घडले. डोंगराखालच्या जनांची सुरक्षा आणि सत्ताधाऱ्यांची स्वतःविषयीची धास्ती यांना एकाच शब्दात कोंबण्याची ही हातचलाखी जुन्या कार्यकर्त्यांनी १९७५ मध्ये पाहिली आहे.

असे घडते ते आपल्याकडेच, असेही नाही. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर अंतर्गत सुरक्षेचे अवाढव्य खाते उभे केले. आपत्तीनिवारणाची जुनी संस्था २००३ मध्ये त्या खात्यात समाविष्ट केली आणि राज्यांना सुरक्षा प्रशिक्षण व सामग्री यांसाठी भरघोस अनुदाने वाटली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००५ च्या अखेरीस, कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स बुडाले. हजाराहून अधिक माणसे मेली आणि मागे राहिलेल्यांत गरीब कृष्णवर्णीयांचा भरणा होता, कारण शहर सोडून जायला त्यांच्याकडे मोटारी नव्हत्या. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र अतिरेक्याची वाट पाहत राहिले आणि पाणी मागच्या दाराने आले. त्याच्या महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता, मुंबई बुडाली होती आणि गाढीचे पाणी पनवेलच्या घरांत शिरले होते.

याच्या उलट उदाहरण शेजारी आहे. १९७० च्या चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. स्वतंत्र झालेल्या दरिद्री बांगलादेशाने १९७२ मध्ये वादळसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला. गावोगावचे स्वयंसेवक, हातातला भोंगा, झेंड्यांच्या खुणा, सायकल आणि उंचावरचा निवारा एवढ्यावर त्याची मदार होती. आज त्यात सत्तर हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि निम्म्या स्त्रिया आहेत. बाईने बाईला सांगितले तरच घरातली बाई निवाऱ्याला येते, हे त्यांना अनुभवाने कळले. वादळे थांबली नाहीत, मृत्यू मात्र लाखांवरून शेकड्यांवर आणि दशकांवर आले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ च्या फायलिनच्या वेळी लाखो लोक आधी हलवले गेले आणि बळींची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. केरळात २०१८ च्या महापुरात आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून आलेल्या मच्छिमारांनी हजारोंना बाहेर काढले. हे श्रीमंतीने साधलेले नाही. सामान्य माणसावर विश्वास टाकल्याने साधले.

आणि यासाठी बांगलादेशापर्यंत तरी का जावे? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने स्वतःच एक मोठा विचार जगाला दिला होता. दुष्काळी कामे ही तोवर सरकारची मेहेरबानी होती. श्रमिकांनी रस्त्यावर उतरून आणि विरोधी पक्षांनी सभागृहात झुंजून ती मेहेरबानी मोडीत काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी कायद्यात उतरली, तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. संकटात दया आणि एरवी विस्मृती, हा क्रम तेथे तुटला. दरड, पूर आणि वायुगळती यांच्या बाबतीत हाच टप्पा अजून गाठायचा आहे. मृताच्या नातेवाइकाला धनादेश देताना काढलेले छायाचित्र ही मेहेरबानी झाली. जिवंत माणसाला आधी इशारा, आधी निवारा आणि आधी प्रशिक्षण मिळणे हा हक्क आहे.

हा हक्क नेऱ्याच्या परिसरात कसा उतरेल ते स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे. दरडप्रवण वस्त्यांची यादी भूवैज्ञानिकांनी करावी, पण ती ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय अंतिम होऊ नये. कोणत्या उतारावर भेग पडली, कोणत्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, कोणते झाड कलले, हे गुराख्याला आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बाईला आधी दिसते. प्रत्येक धोक्याच्या वाडीत साधा पर्जन्यमापक असावा आणि ठरावीक आकडा ओलांडला की कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता वस्ती हलवण्याचा अधिकार गावाला असावा. हलवायचे कोठे, ती जागा छपरासह, शौचालयासह आणि चुलीसह आधी तयार हवी. गुरे आणि कोंबड्या मागे सोडून माणूस घर सोडत नाही, हेही नियोजनकर्त्यांनी शिकून घ्यावे.

प्रशिक्षणाचे दिवस रोजगार हमीच्या मजुरीचे दिवस मानावेत. शिबिरे मार्चअखेरीच्या सोयीने भरवू नयेत. भट्टीवरून माणसे परतल्यावर आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी ती वाडीतच भरवावीत, शक्य तेथे भट्टीवरही भरवावीत. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, प्राथमिक शिक्षक, नेऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि एस.टी.चे कामगार यांना त्यात प्रथम स्थान हवे, आणि या वाढीव कामाचा मोबदलाही हवा. सज्जतेच्या दहा टक्क्यांतला ठरावीक भाग थेट ग्रामपंचायतीला मिळावा व त्याचा जमाखर्च चावडीवर लागावा.

शांतिवनाचे उदाहरण घेऊन आम्ही आणखी एक गोष्ट सांगू इच्छितो. ज्याच्या हातापायांतली संवेदना गेली आहे त्याला आगीची धग कळत नाही. ज्याचे पाय झिजले आहेत तो भोंगा ऐकून धावू शकत नाही. वृद्ध, अंध, बाळंतीण आणि आजारी यांची नावे, त्यांची घरे आणि त्यांना उचलून नेणाऱ्या शेजाऱ्यांची नावे आधी ठरलेली नसतील, तर सरावाला अर्थ नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ६१ व्या कलमाने मदतीत जात, धर्म, वंश आणि लिंग यांवरून भेद करायला बंदी केली आहे. पण न धावू शकणाऱ्याला धावणाऱ्यांच्या मापाने मोजणे हाही भेदच आहे. कोणत्याही गावाची सज्जता त्या गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसावरून मोजावी, हे सूत्र अनुदानाच्या नियमावलीत पहिल्या ओळीवर लिहिले गेले पाहिजे.

कारखान्यांबाबतही अशीच स्पष्टता हवी. भोपाळच्या २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर झालेल्या १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा असणे आणि त्याचा वर्षातून एकदा सराव होणे बंधनकारक आहे. धोक्याच्या टप्प्यात राहणाऱ्यांना त्या धोक्याची माहिती देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. तळोजा, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यातील कामगार वसाहतींत आणि गावांत हा आराखडा मराठीतून, भिंतीवर, सर्वांना वाचता येईल असा लागला पाहिजे. धोका कामगाराने पत्करायचा आणि माहिती मालकाच्या कपाटात राहायची, हा व्यवहार गुप्ततेच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की एवढ्या सगळ्या वाड्यांची काळजी घेणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. काही वस्त्या हलवल्याच पाहिजेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण वस्ती हलवताना आदिवासीच्या हाती घराच्या किल्ल्या देऊन जंगल आणि शेत काढून घेतले, तर तो काही वर्षांत पुन्हा डोंगरावर जाईल, आणि मग त्यालाच अडाणी म्हटले जाईल. पायथ्याशी डोंगर पोखरून बंगले आणि वसाहती उभ्या करायला परवानगी द्यायची, नाल्यांचे प्रवाह बुजवायचे, पश्चिम घाटाबाबतच्या २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालाला गुंडाळून ठेवायचे आणि नंतर दरडीला निसर्गाचा कोप म्हणायचे, या ढोंगाला अनुदानाची फुंकर घालून उपयोग होणार नाही. सज्जता ही नियोजनाच्या चुका झाकण्याची चादर नव्हे.

सरकारकडे मागण्या करून आपले काम संपत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेत वाढलेल्या आणि ताऱ्याच्या युसूफ मेहेरअली सेंटरसारख्या संस्थांचे काम डोळ्यांसमोर असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना ग्रामसेवा शिकवण्याची गरज नाही. येत्या ग्रामसभांत प्रत्येक शाखेने तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्या गावातल्या कोणत्या वस्त्या धोक्याच्या यादीत आहेत आणि कोणत्या राहून गेल्या? गेल्या तीन वर्षांत सज्जतेचे किती रुपये या गावात खर्च झाले आणि कशावर? प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी किती जण धोक्याच्या वाडीत प्रत्यक्ष राहतात? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा आणि उत्तर मिळेपर्यंत तहसील कचेरीची पायरी सोडू नये. त्याचबरोबर सेवा दलाच्या प्रत्येक पथकाने पावसाळ्यापूर्वी एक तरी वाडी आपली मानावी, तेथील घरांची आणि असहाय माणसांची नोंद करावी, अंधारात उतरण्याची वाट दिवसाउजेडी चालून पाहावी.

१९७५ च्या त्या रात्री शासनाजवळ याद्या होत्या आणि त्या माणसांना पकडण्यासाठी होत्या. लोकशाही शासनाजवळ आज अशी एक यादी असायला हवी की जिच्यात डोंगराखालच्या प्रत्येक घराचे नाव आहे आणि जी माणसांना वाचवण्यासाठी आहे. ती करवून घेणे हे आपले काम आहे. पाऊस कोणाची वाट पाहणार नाही.